मुद्दाम नापास

भिंगरीचं डोकं गोलच्या खांबावर आपटलं तेव्हा पट्टीताईची पाठ मैदानाकडे होती. बाकावर बसलेल्या एका मुलीच्या घोट्याला ती टेप बांधत होती. तिने पाहिलं काहीच नाही, नुसता आवाज ऐकला. रिकाम्या पिंपावर दगड पडावा तसा आवाज. वळून बघते तो भिंगरी उठून उभी, हातमोज्यांवरची माती झटकते आहे आणि वर हसते आहे.

"खांबाला लागलं का बघा हो ताई! मला काही नाही झालं," ती तिथूनच ओरडली. साऱ्या मुली खिदळल्या.

पट्टीताईला हसू आलं नाही. टेपचं भेंडोळं तसंच लोंबकळत टाकून ती पळत गेली आणि भिंगरीला दंडाला धरून बाहेर घेऊन आली. डोक्याला मार बसला की त्या दिवशी खेळाडू पुन्हा मैदानात जात नाही, असा नियम आहे. मग ती हसत असो की रडत असो. कोच सरांनी लांबूनच दोन्ही हात पसरून 'आता काय?' असं विचारलं. तिने नुसती मान हलवली.

ही गोष्ट रविवारची. आणि अंतिम सामना पुढच्याच रविवारी होता.

आता ही पट्टीताई कोण ते सांगायला हवं. ती कॉलेजची ट्रेनर. खेळणाऱ्या मुलींची निगा राखायची, हे तिचं काम. त्याची रीतसर पदवी असते, चार वर्षं घासावी लागतात. कुठला सांधा किती वळतो, कुठलं दुखणं अंगावर काढलं तर चालतं आणि कुठलं नाही, उन्हात कोसळलेल्या पोरीला आधी थंड करायचं की आधी दवाखान्यात न्यायचं, असलं सगळं त्यात शिकवतात. पदवी हातात पडली आणि या कॉलेजात तिला पहिली नोकरी लागली. प्रेक्षकांच्या पायऱ्यांखालची एक ठेंगणी खोली तिच्या वाट्याला आली. आत दोन लांब टेबलं, एक घरघरणारं बर्फाचं मशीन, कपाटभर टेप आणि भिंतीला टेकवलेल्या कुबड्या. वर पायऱ्या असल्यामुळे छत तिरकं. दिवसभर कुणाचा घोटा, कुणाचं मनगट, कुणाचा अंगठा बांधत बसायची, म्हणून मुलींनी तिचं नाव पट्टीताई पाडलं.

घरी मात्र तिच्या कामाचा उलगडा कुणालाच होत नव्हता. ती भावाकडे राहायची. वहिनी औषधाच्या दुकानात काउंटरला. गिऱ्हाइकांशी बोलून बोलून तिची जीभ चांगली परजलेली.

"डॉक्टर नाहीस, नर्स नाहीस, कोच नाहीस," वहिनी म्हणायची. "कुणी विचारलं तर मी सांगू काय, माझी नणंद करते काय?"

"सांग, पोरी पडल्या की उचलते."

"उचलायला पदवी लागते होय? मी तुझ्या भावाला वीस वर्षं उचलतेय, मला कुणी दिली नाही."

भिंगरी ही या दोघांची मुलगी. पट्टीताईची सख्खी भाची आणि कॉलेजच्या फुटबॉल संघाची गोलकीपर. घरी 'आत्या' आणि मैदानात सगळ्यांसारखं 'ताई', असं दोघींचं ठरलेलं होतं. अंतिम सामन्याला मोठ्या संघाची निवड करणारी माणसं येऊन बसणार होती, आणि त्यांना पाहायची होती ती गोलकीपरच. तिची निवड झाली असती तर पुढचं शिक्षण, राहणं, खेळणं सगळं मार्गी लागत होतं. भावाने तर दुकानावर पाटीच लावली होती, 'रविवारी बंद राहील.' तो फ्रिज दुरुस्त करायचा. पाटी लावायची वेळ त्याच्यावर त्याच्या लग्नानंतर आत्ताच आली होती.

डोक्याला मार लागला की तपासायची एक पद्धत आहे. खेळाचं वर्ष सुरू व्हायच्या आधी, सगळ्या धडधाकट असताना, प्रत्येकीची एक परीक्षा घेऊन ठेवायची. पाच-दहा शब्द सांगायचे आणि थोड्या वेळाने ते विचारायचे. आकडे सांगायचे आणि ते उलटे म्हणायला लावायचे. डोळे मिटून एका पायावर उभं करायचं. पुढे कधी कुणाला मार लागला, तर तीच परीक्षा परत घ्यायची आणि ताडून बघायचं. आधीसारखं जमलं तर डोकं ठीक आहे. आधीपेक्षा वाईट जमलं तर थांबायचं. कारण एकदा हादरलेल्या डोक्याला ते बरं व्हायच्या आत दुसरा धक्का बसला, तर पोर उठेलच याचा भरवसा नाही. हे वाक्य पट्टीताईला पहिल्या वर्षी शिकवलं होतं आणि तेव्हापासून ते तिच्या पोटात कुठेतरी अडकून बसलं होतं.

गुरुवारी तिने भिंगरीची परीक्षा घेतली. शब्द निम्मे आठवले. उलटे आकडे म्हणताना पोर चौथ्यावर अडखळली. एका पायावर जराशी झुकली. वर्षाच्या सुरुवातीलाही अगदी असंच झालं होतं. म्हणजे फरक काही नाही. म्हणजे पास.

"बघ, म्हटलं नव्हतं?" भिंगरी बाटलीतलं पाणी घटाघटा पीत म्हणाली. "उगाच तोंड पाडून फिरतेस आठवडाभर."

पट्टीताईचा जीव भांड्यात पडायला हवा होता. पण तो पडेना.

त्या संध्याकाळी सगळे जेवायला बसले असताना भावाचा फोन वाजला. कुणाच्या तरी दुकानातला फ्रिज बंद पडला होता आणि आतला माल खराब व्हायला लागला होता. भावाने फोन ठेवता ठेवता हाक मारली, "भिंगरे, कॉम्प्रेसरवाल्याचा नंबर बोल गं."

ही त्या घरातली जुनी रीत. भिंगरीला लहानपणापासून नंबर पाठ व्हायचे. एकदा कानावर पडला की डोक्यात बसला. भावाचा फोन दोनदा हरवला तरी त्याचं काही अडलं नाही, कारण सगळी गिऱ्हाइकं पोरीच्या डोक्यात. पाहुणे आले की दुसऱ्यांची मुलं कविता म्हणून दाखवत, ही नंबर उलटे म्हणून दाखवायची. शेवटच्या आकड्यापासून पहिल्यापर्यंत, धडाधडा.

भिंगरीने सुरुवात केली. मध्येच थांबली. "थांबा हं," म्हणाली, आणि घास तसाच हातात धरून समोरच्या भिंतीकडे बघत राहिली.

"काय गं, बॅटरी उतरली का?" भाऊ हसला.

"सांगते ना!" तिने एक नंबर सांगितला. भावाने फिरवला, कानाला लावला, आणि त्याच्या कपाळाला आठ्या पडल्या. "अहो नाही, पाव नकोत मला. चुकून लागला." त्याने फोन खाली ठेवला. "बेकरीवाल्याकडे पाठवतेस होय मला? त्याच्या भट्टीत घालू फ्रिज?"

सगळे हसले, भिंगरीही हसली. पट्टीताई मात्र भाचीकडे बघत राहिली. एकदम दोन गोष्टी तिच्या ध्यानात आल्या होत्या आणि दोन्ही सारख्याच वाईट होत्या. एक म्हणजे, जी पोर पन्नास नंबर उलटे म्हणते ती वर्षाच्या सुरुवातीला चार आकड्यांवर अडखळेलच कशी? आणि दुसरी म्हणजे, आज ती खरोखरच अडखळली होती.

तिने त्या सुरुवातीच्या परीक्षेचा दिवस आठवून पाहिला. एका दुपारीत सगळ्या संघाची परीक्षा उरकली होती. सगळ्याच मुली कच्च्या निघाल्या होत्या. पोरी घाबरल्या असतील, असं म्हणून तिने पुढचं काम हातात घेतलं होतं. नोकरी नवी होती, कामं पुढ्यात पडलेली होती. आपल्याला तेव्हाच कसा वास आला नाही? सगळ्याच्या सगळ्या पोरी मंद डोक्याच्या कशा असतील?

जेवणं झाल्यावर भांडी घासताना तिने भाचीला गाठलं. एक घासत होती, एक विसळत होती.

"भिंगरे, सुरुवातीच्या परीक्षेत तू मुद्दाम चुकलीस."

भिंगरीच्या हातातलं ताट जरा वाजलं. "मी एकटी नाही. सगळ्याच चुकतात."

"म्हणजे?"

"म्हणजे शिकवतातच तसं. पहिल्या दिवशी थोरली नव्या पोरींना बसमध्ये मागे घेऊन बसते." थोरली म्हणजे संघाची कॅप्टन. "सांगते, शब्द निम्मेच आठवायचे. आकडे चौथ्याला सोडायचे. एका पायावर उभं राहिलं की जरा डुलायचं, पण पडायचं नाही, पडलीस तर ताईला शंका येईल. थोरलीला तिच्या आधीच्या कॅप्टननं शिकवलं. तिला तिच्या आधीच्या. कुणी सुरू केलं देव जाणे."

"कशासाठी पण?"

"कशासाठी काय आत्या! मार लागला तरी नंतर तेवढंच करून दाखवता येतं ना. नाहीतर बसा बाकावर. कॉलेजात पास व्हायला शिकवतात, आमच्यात नापास व्हायला."

पट्टीताईने नळ बंद केला. "डोकं दुखतंय का तुझं? खरं सांग."

"नाही दुखत. शप्पथ."

"मग बेकरीवाला कसा आला मध्येच?"

"चुकतं माणूस! बाबा चुकत नाहीत? आईला कधी कधी माझंच नाव आठवत नाही." मग तिचा आवाज खाली आला. "हे बघ, मी हे आत्याला सांगितलंय. ट्रेनरला नाही. कळलं ना?"

दुसऱ्या दिवशी सकाळी पट्टीताई चपला घालत असताना वहिनी दारात आडवी उभी राहिली. कामावरच्या साडीत, पिशवी खांद्याला.

"खेळणार ना गं ती? तुझ्या हातात आहे म्हणतात."

"डॉक्टरांच्या हातात असतं वहिनी."

"डॉक्टर तुला विचारूनच सही करणार ना? मला माहीत आहे डॉक्टर कसे असतात, रोज त्यांच्या चिठ्ठ्या वाचते." वहिनीने पदराने उगाचच कपाळ टिपलं. "हे बघ, माझ्या पोरीला काही झालं तर मी तुला सोडायची नाही. आणि तिला बसवलंस, ती रडत घरी आली, तरी सोडायची नाही. काय ते ठरव."

थट्टेत म्हणाली खरी, पण हसली दोघींपैकी कुणीच नाही.

डॉक्टर दर शुक्रवारी दुपारी येत. शांत माणूस. काही बोलायच्या आधी चष्मा पुसायची सवय. भिंगरी टेबलावर बसून पाय हलवत होती. कोच सर दारातच उभे होते, तिरक्या छताला डोकं लागू नये म्हणून मान वाकडी करून. डॉक्टरांनी तिच्या डोळ्यांपुढे बोट फिरवलं, मान दाबून बघितली, दोनचार प्रश्न विचारले.

"झोप लागते?"

"आई उठवेपर्यंत."

डॉक्टर हसले. चष्मा पुसला. "आधीची आणि आताची परीक्षा सारखीच दिसते. तक्रार काही नाही. माझी हरकत नाही." मग पट्टीताईकडे वळले. "तुमचं काय?"

बर्फाचं मशीन घरघरत होतं. "मला वाटतं, थांबावं," पट्टीताई म्हणाली.

"वाटतं?" कोच सर दारातून म्हणाले. "आम्हालाही पुष्कळ वाटतं हो ताई. परीक्षा तुम्हीच घेतली, पास तुम्हीच केली."

"चक्कर वगैरे काही दिसली का तुम्हाला?" डॉक्टरांनी विचारलं.

"नाही."

"मग?"

"घरची पोर आहे, म्हणून," कोच सर म्हणाले. आवाजात राग नव्हता, त्यामुळे ते जास्त लागलं. "मी सुरुवातीलाच म्हणालो होतो, एकाच घरातल्या दोघी नकोत."

पट्टीताईने भिंगरीकडे पाहिलं. भिंगरीचे पाय हलायचे थांबले होते. तिने अगदी थोडी मान हलवली. नको.

आता गप्प बसलं तर काय होईल हे पट्टीताईला दिसत होतं. डॉक्टर सही करतील. रविवारी पोर गोलमध्ये उभी राहील. बहुतेक काहीच होणार नाही. बहुतेक ती चार गोल अडवेल, निवडली जाईल, भाऊ पेढ्यांचे पुडे वाटत सुटेल. पण हे सगळं 'बहुतेक' होतं.

"ती सुरुवातीची परीक्षा खोटी आहे," ती म्हणाली. एकदा तोंडातून गेल्यावर मग सगळंच गेलं. बसमधली मागची जागा, चौथा आकडा, एका पायावर डुलणं, सगळं. बोलताना तिने भिंगरीकडे बघायचं टाळलं.

डॉक्टर बराच वेळ चष्मा पुसत राहिले. "सगळ्यांचीच खोटी?"

"सगळ्यांचीच."

"म्हणजे या पोरीचं डोकं धड असताना कसं चालायचं, हे आपल्याला ठाऊकच नाही."

"मला ठाऊक आहे. काल तिने कॉम्प्रेसरवाल्याच्या जागी बेकरीवाल्याचा नंबर दिला. असं तिने कधी केलेलं नाही."

"वा!" कोच सरांनी कपाळाला हात लावला. "म्हणजे बेकरीवाल्याच्या साक्षीवर आता माझी गोलकीपर बाहेर बसणार?"

"बसेल," डॉक्टर म्हणाले, आणि पेन खिशात घातलं.

कोच सर पट्टीताईकडे वळले. मग म्हणाले, "परक्याची पोर असती तर केलं असतंत का हो हे?" परक्याची पोर घरी जेवायला बसत नाही, नंबर सांगत नाही. मग कळलं तरी असतं का?

भिंगरी टेबलावरून उतरली. रडली नाही की ओरडली नाही. "मी आत्याला सांगितलं होतं," एवढंच म्हणाली आणि कोच सरांच्या हाताखालून वाकून बाहेर पडली.

घरी त्या दिवशी कुणी टीव्ही लावला नाही. भिंगरी आतल्या खोलीत भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. भावाने ताट पुढे ओढलं, मागे सारलं.

"धाकटे, तुला खात्री आहे ना?"

"नाही."

"खात्री नसताना पोरीचं एवढं..."

"खात्री नाही म्हणूनच दादा. खात्री असती तर सोपं होतं."

त्याला ते पटलं की नाही कळलं नाही. वहिनी भाकरीच्या डब्याचं झाकण उगाचच घट्ट बसवत राहिली. सकाळी दारात आडवी उभी राहणारी ती बाई आता एक शब्द बोलत नव्हती, आणि पट्टीताईला वाटलं, ही चार शिव्या देईल तर बरं.

शनिवारी ती नेहमीपेक्षा लवकर खोलीत जाऊन बसली. टेपची भेंडोळी ओळीने मांडली, बर्फाच्या पिशव्या भरून ठेवल्या. अंतिम सामन्याच्या आदल्या दिवशी टेबलापुढे पोरींची रांग लागते, एकीचं होईतो दुसरी कुरकुरते. त्या दिवशी एकही आली नाही. छोट्या खिडकीतून तिला मुली मैदानाच्या कडेला बसून आपापले घोटे आपणच बांधताना दिसल्या. टेपला सुरकुत्या पडत होत्या, तो तिरपा जात होता. उद्या त्या सुरकुत्यांखाली फोड येणार होते. ती दारापर्यंत गेली आणि परत फिरली. सराव संपेपर्यंत ती तशीच वाट बघत बसली.

शेवटी थोरली आली. उंच, खांदे रुंद, वाकूनच दारातून आत आली.

"पट्टीताई, एक सांगते. राग मानू नका."

"बोल."

"आजपर्यंत आम्ही तुम्हाला सगळं सांगायचो. पोट दुखतंय, गुडघा वाजतोय, पाळी आलीये, घरी भांडण झालंय. आता नका विचारू. तुमच्या पोटात राहत नाही."

"थोरले, तुम्ही सगळ्याच जणी उघड्या डोळ्यांनी..."

"आम्हाला कळतं हो," थोरली म्हणाली. "पण तुम्हाला नाही कळत, बाकावर बसणं काय असतं ते." आणि आली तशी वाकून निघून गेली.

पट्टीताई हादरली ती या बोलण्याने. भाची रुसली तर आज ना उद्या बोलेल. पण मुली दुखणं लपवायला लागल्या तर तिच्या हातात राहिलं काय? ती आंधळी होणार होती. डोळे उघडे ठेवून आंधळी.

रविवारी मैदान भरलं. पायऱ्यांवर मुंगीला शिरायला जागा नाही. शिट्ट्या, आरोळ्या, कुणीतरी आणलेला पत्र्याचा डबा बडवणं चाललेलं. वरच्या ओळीत टोप्या घातलेले तीन अनोळखी लोक मांडीवर कागद घेऊन बसले होते. भाऊ आणि वहिनी मधल्या पायऱ्यांवर. भिंगरीला सरांनी संघासोबत बाकावर बसू दिलं होतं. आत्यापासून शक्य तितकी लांब, बाकाच्या दुसऱ्या टोकाला ती बसली होती. गोलमध्ये एक नवखी पोर उभी होती. हातमोजे तिला मोठे होत होते.

पहिला गोल लवकरच बसला. साधा होता, छातीवर येणारा, पण नवखीच्या हातातून निसटला. पायऱ्यांवरून 'हाऽऽ' असा आवाज आला. कोच सर वळले आणि त्यांनी फक्त पट्टीताईकडे पाहिलं. तिने नजर खाली घातली. भिंगरी धडधाकट दिसत होती. रंग बरा, बसणं ताठ. आपण चुकलो असू तर? एका बेकरीवाल्यापायी पोरीचं आयुष्य बाकावर बसवलं असेल तर? मनात एकदा शिरलेला विचार बाहेर जाईना.

मध्यंतर व्हायला थोडा वेळ होता तेव्हा बाक हलला. भिंगरी सरकत सरकत तिच्या शेजारी आली होती. थोड्या वेळाने तिने आत्याची बाही धरली.

"आत्या. इथून जरा बाहेर जाऊ या का?"

"काय होतंय?"

"काही नाही. बॉल..." तिने मैदानाकडे बोट केलं आणि हात खाली घेतला. "लांबून येतो ना, तेव्हा दोन दिसतात."

आवाज शक्य तितका सरळ ठेवून पट्टीताईने विचारलं, "कधीपासून?"

"त्या रविवारपासूनच. जवळचं नीट दिसतं. डॉक्टरांचं बोट एकच दिसलं, मग मी बोलले नाही. आधी कमी होतं. आता जास्त झालंय." मग जणू काही आत्याला धीर द्यावा तशी म्हणाली, "मी ठरवून टाकलं होतं. दोन आले की उजवीकडचा धरायचा."

उजवीकडचा धरायचा. आणि तो खरा नसता तर? पुढे धावत येणारी पोर, तिचा गुडघा, आणि हिचं खाली वाकलेलं डोकं. पट्टीताईने ते चित्र पुढे जाऊ दिलं नाही. ती उठली, भाचीच्या कमरेत हात घातला, आणि पायऱ्यांवरच्या भावाकडे बघून हात वर केला. हाक मारायची गरज पडली नाही. वहिनी आधीच उठली होती. माणसांच्या खांद्यांवर हात टेकत, चपला हातात घेऊन ती खाली येत होती, मागोमाग भाऊ.

सामन्यासाठी आलेली अँब्युलन्स फाटकाजवळ उभी होती. पट्टीताईने तिथल्या माणसाला मार कधी बसला, काय दिसतं, काय वाढलंय ते भराभर सांगितलं. त्याने लगेच मागचं दार उघडलं. भिंगरी आडवी झाली. मागे मध्यंतराची शिट्टी केव्हाच होऊन गेली होती.

"बोलत राहा गं तिच्याशी," पट्टीताई वहिनीला म्हणाली. "झोपू देऊ नको. दादा पुढे बसेल, मी मागे..."

"आत्या, मला भीती वाटतेय," भिंगरी म्हणाली. आठवडाभरात पहिल्यांदाच.

"मलाही वाटतेय. मी आहे."

तिने आत चढायला पाय उचलला, इतक्यात मागून धावण्याचा आवाज आला. थोरली होती. घामाने निथळत, धापा टाकत. अँब्युलन्समध्ये वाकून बघितलं आणि तिचा चेहरा उतरला.

"काय झालं तिला?"

"दोन दिसतंय."

थोरलीने ओठ चावला. एकदा मैदानाकडे पाहिलं, एकदा आत पडलेल्या मैत्रिणीकडे. मग शब्द एकमेकांवर आदळत बाहेर आले. "कुऱ्हाडीला पण लागलंय." कुऱ्हाड म्हणजे संघाची डावी बचावपटू, समोरच्यांच्या नडग्या सोलणारी. "काल सरावात. एकीच्या डोक्यावर डोकं आदळलं, दुसरीला काही नाही, ही खालीच बसली. रात्री ओकली म्हणे दोनदा. आम्ही ठरवलं, कुणी बोलायचं नाही."

"काल? मी इथेच होते!"

"तुम्ही खोलीत आमची वाट बघत होता," थोरली म्हणाली आणि खाली बघायला लागली.

मैदानावर मुली परत आत यायला लागल्या होत्या. डबा बडवणं पुन्हा सुरू झालं. त्या गर्दीत कुऱ्हाड आपल्या जागेवर जाऊन उभी होती, हात कमरेवर, मान खाली. उन्हात तिला जरा जास्तच झुकून उभं राहावं लागत होतं.

पट्टीताईचा एक पाय अँब्युलन्सच्या पायरीवर होता. आत भिंगरीने हात पुढे केलेला. तो हात तिने घट्ट दाबला आणि वहिनीच्या हातात दिला.

"वहिनी, तू जा. मी येते मागून."

"अगं पण..."

"तिथे डॉक्टर आहेत. इथे कुणी नाही."

वहिनीने तिच्याकडे एकदा पाहिलं. पाहिलं आणि मग अँब्युलन्सवाल्यावर खेकसली, "लाव दार! बघत काय बसलास?"

दार लागलं. पट्टीताई वळून पळत सुटली. मागे सायरन वाजायला लागला तेव्हा तिचे पाय क्षणभर आपोआप थांबले, पण तिने मागे बघितलं नाही. बघितलं असतं तर गेली असती. थोरली तिच्या पुढे पळत होती, लोकांना बाजूला सारत.

पंचाने शिट्टी तोंडाशी नेली होती. पट्टीताई दोन्ही हात वर करून रेषेच्या आत शिरली.

"आता काय?" कोच सर ओरडले. "आता कोण राहिलंय?"

"तुमची डावी बचावपटू बाहेर."

"का?"

"नंतर सांगते सर. आधी बाहेर."

कोच सरांनी तोंड उघडलं. तेवढ्यात थोरली मधोमध जाऊन उभी राहिली, कुऱ्हाडीचा हात धरला आणि तिला घेऊन कडेकडे चालू लागली. कुऱ्हाड हिसका देत नव्हती. रेषेपाशी पोचल्यावर तिने पट्टीताईकडे बघितलं, आणि बघता बघता तिची हनुवटी थरथरायला लागली.

"ताई, मला बसू द्या," ती म्हणाली.

पट्टीताईने तिला गवतावर बसवलं, मानेला हाताचा आधार दिला, आणि पहिला प्रश्न विचारला. लांब कुठेतरी सायरनचा आवाज अजून येत होता. तिचा एक कान तिकडेच होता.